पदोन्नतीपलीकडचे कौशल्य : डिक लेबो आणि अमेरिकन फुटबॉलमधील साहाय्यक प्रशिक्षकाची कारकीर्द

प्रस्तावना

व्यावसायिक क्रीडासंघाच्या यशापयशाचे श्रेय सामान्यतः मैदानावरील नामांकित खेळाडूंना आणि संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला दिले जाते. या दोहोंच्या मध्ये काम करणारा साहाय्यक प्रशिक्षक बहुधा अनुल्लेखित राहतो. अमेरिकन फुटबॉलच्या संदर्भात ही बाब विशेष विचार करण्याजोगी आहे. या खेळातील डावपेच अत्यंत गुंतागुंतीचे असून त्यांची आखणी, त्यांचे अध्यापन आणि त्यांतील दोषांची दुरुस्ती ही कामे प्रामुख्याने साहाय्यक प्रशिक्षकच करीत असतात. तरीही या व्यवसायात साहाय्यकाचे पद म्हणजे मुख्य प्रशिक्षकपदाकडे जाणारी एक पायरी, अशीच समजूत रूढ आहे. जो ती पायरी चढत नाही, किंवा चढून खाली येतो, त्याची कारकीर्द अपुरी मानली जाते.

प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा डिक लेबो यांच्या कारकिर्दीच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे. लेबो यांनी अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजेच एनएफएलमध्ये, १९५९ ते १९७२ या काळात खेळाडू म्हणून १४ हंगाम आणि १९७३ ते २०१७ या काळात प्रशिक्षक म्हणून ४५ हंगाम, असे सलग ५९ हंगाम व्यतीत केले. यांपैकी मुख्य प्रशिक्षकपदावर ते पूर्ण तीन हंगामही नव्हते. त्या अल्प काळात त्यांना मोठे अपयश आले. मात्र साहाय्यक म्हणून त्यांनी विकसित केलेल्या बचावपद्धतीने संपूर्ण लीगच्या खेळावर परिणाम केला. पदाच्या मापाने अपयशी आणि कार्याच्या मापाने असामान्य ठरणारी ही कारकीर्द कशी समजून घ्यावी, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

खेळाचे स्वरूप आणि साहाय्यक प्रशिक्षकाचे कार्य

मराठीत ‘फुटबॉल’ या शब्दाने जो खेळ ओळखला जातो, त्याहून अमेरिकन फुटबॉल सर्वस्वी भिन्न आहे. यात प्रत्येक संघाचे ११ खेळाडू एका वेळी मैदानावर असतात. चेंडू ज्या संघाकडे असतो, त्याला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधल्यास पुन्हा चार प्रयत्न मिळतात, अन्यथा चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. आक्रमणाचे सूत्रसंचालन क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू करतो. तो चेंडू सहकाऱ्याच्या हाती देतो किंवा दूरच्या सहकाऱ्याकडे फेकतो. त्याच्या पुढे उभी असलेली पाच जणांची फळी त्याचे संरक्षण करते. बचाव करणारा संघ क्वार्टरबॅकला गाठण्याचा, चेंडू झेलणाऱ्यांना रोखण्याचा आणि शक्य झाल्यास फेकलेला चेंडू मध्येच हस्तगत करण्याचा प्रयत्न करतो.

या खेळाचे वैशिष्ट्य असे की, प्रत्येक चाल काही सेकंदांत संपते आणि खेळ थांबतो. पुढील चाल सुरू होण्यापूर्वी दोन्ही संघांना आपली रचना ठरवता येते. त्यामुळे सामना म्हणजे पूर्वनियोजित रचनांची एक मालिकाच असते. आक्रमण, बचाव आणि चेंडूला लाथ मारण्याच्या प्रसंगी उतरणारे विशेष पथक असे संघाचे तीन विभाग असतात. त्या विभागांच्या प्रमुखांना समन्वयक म्हणतात. समन्वयकांच्या हाताखाली विशिष्ट स्थानांवरील खेळाडूंना शिकवणारे प्रशिक्षक असतात. प्रतिपक्षाच्या मागील सामन्यांचे चित्रण तपासणे, त्यातून त्यांच्या सवयी शोधणे, आठवड्याचा आराखडा तयार करणे, तो बैठकीत समजावून सांगणे, सरावात घोटवून घेणे आणि सामन्याच्या वेळी क्षणोक्षणी योग्य चाल निवडणे, असे या मंडळींच्या कामाचे स्वरूप असते. मुख्य प्रशिक्षक या सर्वांचा मेळ घालतो, खेळाडूंची शिस्त राखतो, संघमालकांना व वृत्तपत्रांना उत्तरे देतो. ही दोन कामे परस्परांना पूरक असली, तरी त्यांना लागणारे गुण एकच नाहीत.

या व्यवसायातील शिडीची कल्पना निराधार मात्र नाही. १९५० च्या दशकात न्यूयॉर्क जायंट्स या संघात जिम ली हॉवेल हे मुख्य प्रशिक्षक असताना आक्रमणाची जबाबदारी व्हिन्स लोम्बार्डी यांच्याकडे आणि बचावाची टॉम लँड्री यांच्याकडे होती. लोम्बार्डी १९५९ मध्ये ग्रीन बे पॅकर्सचे, तर लँड्री १९६० मध्ये डॅलस काउबॉइजचे मुख्य प्रशिक्षक झाले. दोघेही पुढे या खेळातील सर्वश्रेष्ठ प्रशिक्षकांमध्ये गणले गेले. अशा उदाहरणांमुळे उत्तम साहाय्यक हा भावी मुख्य प्रशिक्षकच असतो, हे गृहीतक दृढ झाले. लेबो यांचे उदाहरण या गृहीतकाची मर्यादा दाखवते.

खेळाडूपासून प्रशिक्षकापर्यंत

डिक लेबो यांचा जन्म ९ सप्टेंबर १९३७ रोजी ओहायो राज्यातील लंडन या गावी झाला. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या १९५७ मधील राष्ट्रीय विजेत्या संघात त्यांचा समावेश होता. १९५९ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाने त्यांची निवड केली, पण हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्यांना वगळले. त्यानंतर डेट्रॉइट लायन्सने त्यांना घेतले आणि खेळाडू म्हणून पुढील सर्व १४ हंगाम ते त्याच संघात राहिले. ते कॉर्नरबॅक, म्हणजे मैदानाच्या कडेला चेंडू झेलणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला रोखणारे बचावपटू होते. प्रतिपक्षाने फेकलेला चेंडू त्यांनी कारकिर्दीत ६२ वेळा हस्तगत केला. निवृत्तीच्या वेळी लीगच्या इतिहासात या बाबतीत त्यांचा तिसरा क्रमांक होता. सलग १७१ सामने खेळण्याचा कॉर्नरबॅकसाठीचा विक्रमही त्यांनी केला.

एवढे असूनही सांघिक यश त्यांच्या वाट्याला आले नाही. लायन्सकडून ते खेळत असताना संघ १९७० मध्ये एकदाच बाद फेरीत पोहोचला आणि तेथे डॅलसकडून ५-० असा पराभूत झाला.

१९७३ मध्ये लेबो फिलाडेल्फिया ईगल्समध्ये विशेष पथकाचे प्रशिक्षक झाले. १९७६ ते १९७९ या काळात त्यांनी ग्रीन बे पॅकर्सच्या मागील फळीतील बचावपटूंना प्रशिक्षण दिले. १९८० मध्ये ते सिनसिनाटी बेंगल्स संघात आले आणि १९८४ मध्ये तेथे बचाव समन्वयक झाले. म्हणजेच एका विभागाची संपूर्ण जबाबदारी हाती येण्यास त्यांना साहाय्यक म्हणून अकरा हंगाम काम करावे लागले. या काळात त्यांनी वेगवेगळ्या मुख्य प्रशिक्षकांच्या हाताखाली काम केले. मुख्य प्रशिक्षक बदलला की साहाय्यकांनाही बहुधा दुसरा संघ शोधावा लागतो. हे अस्थैर्य या व्यवसायाचा स्थायी भाव आहे.

झोन ब्लिट्झ : एका समस्येचे उत्तर

लेबो यांचे नाव ज्या बचावपद्धतीशी जोडले जाते, तिला झोन ब्लिट्झ म्हणतात. तिचे महत्त्व कळण्यासाठी ती कोणत्या अडचणीतून जन्मली, हे पाहणे आवश्यक आहे.

बचाव करणाऱ्या संघातील चार खेळाडू साधारणपणे क्वार्टरबॅकवर चढाई करतात आणि उरलेले सात जण मागील क्षेत्राचे रक्षण करतात. पाच किंवा त्याहून अधिक खेळाडूंनी चढाई केल्यास तिला ब्लिट्झ म्हणतात. तीमुळे क्वार्टरबॅकवरील दडपण वाढते, परंतु मागे रक्षक कमी राहतात आणि त्यांना बहुधा प्रत्येकी एका प्रतिस्पर्ध्याला एकट्याने रोखावे लागते. चढाई करणारा खेळाडू जी जागा सोडून येतो, ती मोकळी पडते. क्वार्टरबॅकने त्या जागी झटपट चेंडू फेकला की चढाई निष्फळ ठरते. प्रसंगी ती बचाव करणाऱ्या संघाच्याच अंगाशी येते.

१९८० च्या दशकात ही अडचण तीव्र झाली. बिल वॉल्श यांच्या वेस्ट कोस्ट आक्रमणात जवळच्या अंतरावर, अचूक वेळी आणि झटपट चेंडू फेकण्यावर भर होता. या आक्रमणाचा पाया वॉल्श यांनी १९६८ ते १९७५ या काळात सिनसिनाटीत पॉल ब्राउन यांचे साहाय्यक असताना घातला होता. ब्राउन यांच्यानंतर मुख्य प्रशिक्षकपद वॉल्श यांना मिळाले नाही. पुढे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी ही पद्धत सिद्ध केली. म्हणजे ज्या आक्रमणाला उत्तर शोधायचे होते, तेही मुळात एका साहाय्यक प्रशिक्षकाच्याच विचारातून निर्माण झाले होते. याच सुमारास बेंगल्सच्या गटातील ह्यूस्टन ऑयलर्स हा संघही चेंडू झेलणारे चार खेळाडू एकाच वेळी मैदानात पसरवून खेळत होता.

उत्तराच्या शोधात लेबो यांनी बिल आर्न्सपार्गर यांची भेट घेतली. आर्न्सपार्गर हे १९७० च्या दशकातील मायामी डॉल्फिन्सच्या नामांकित बचावाचे शिल्पकार होते आणि या भेटीच्या वेळी लुइझियाना स्टेट विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक होते. मागील क्षेत्र धोक्यात न घालता क्वार्टरबॅकवर दडपण आणायचे, म्हणजेच ‘सुरक्षित दडपण’ निर्माण करायचे, ही कल्पना लेबो यांना या संवादातून मिळाली. मायामीच्या संघाने फळीतील खेळाडूला क्वचित मागे रक्षणासाठी पाठवण्याचे प्रयोग यापूर्वी केले होते. लेबो यांनी या सुट्या प्रयोगांना एका सुसंगत पद्धतीचे रूप दिले. त्यांचे श्रेय मुख्यतः यातच आहे.

पद्धतीचे सूत्र पुढीलप्रमाणे सांगता येईल. समजा, डाव्या बाजूने दोन जादा खेळाडू अनपेक्षितपणे चढाई करतात. त्याच क्षणी उजव्या बाजूचा एक धिप्पाड खेळाडू, ज्याने एरवी पुढेच जायचे असते, तो मागे सरकून जवळच्या क्षेत्रात उभा राहतो. चढाई करणारे पाच जण असतील, तर उरलेले सहा जण तीन खोल आणि तीन जवळच्या क्षेत्रांची वाटणी करून घेतात. परिणामी डाव्या बाजूस संरक्षक कमी पडतात, तर उजव्या बाजूस संरक्षकांसमोर अडवण्यास कोणीच उरत नाही. क्वार्टरबॅक चढाई पाहून सवयीप्रमाणे मोकळ्या जागी चेंडू फेकू पाहतो, तो तेथे ज्याची अपेक्षाच नव्हती असा खेळाडू उभा असतो. चढाई करणाऱ्यांची संख्या फारशी न वाढवता, ते कोण आणि कोठून येणार याविषयीची अनिश्चितता वाढवणे, हे या पद्धतीचे मर्म होय.

ही पद्धत राबवणे सोपे नव्हते. फळीतील वजनदार खेळाडूने चपळ प्रतिस्पर्ध्याच्या मार्गात उभे राहणे, हे त्याच्या आजवरच्या शिक्षणाच्या विरुद्ध होते. शिवाय एकाने जरी आपली जागा चुकवली, तरी सारी रचना कोसळण्याचा धोका होता. त्यामुळे प्रत्येक खेळाडूला स्वतःबरोबर इतर दहा जणांचेही काम समजणे आवश्यक ठरले. येथे डावपेच आणि अध्यापन यांना वेगळे करता येत नाही. खेळाडूंना शिकवता येत नाही अशी चाल कागदावर कितीही चतुर असली, तरी मैदानावर निरुपयोगी ठरते.

बेंगल्स संघ जानेवारी १९८९ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत, म्हणजे सुपर बोलपर्यंत पोहोचला. तेथे वॉल्श यांच्या फोर्टीनायनर्सने शेवटच्या मिनिटात गुण मिळवून त्यांचा २०-१६ असा पराभव केला.

पिट्सबर्ग : एक पाऊल खाली, कार्याचा विस्तार

१९९१ च्या हंगामानंतर बेंगल्सचे मुख्य प्रशिक्षक बदलले आणि १९९२ मध्ये लेबो पिट्सबर्ग स्टीलर्समध्ये दाखल झाले. आठ हंगाम समन्वयक राहिलेल्या लेबो यांनी येथे पुन्हा मागील फळीच्या प्रशिक्षकाचे, म्हणजे अधिकाराने कनिष्ठ असे पद स्वीकारले. समन्वयकपद त्यांच्याहून वयाने लहान असलेल्या डॉम केपर्स यांच्याकडे होते, तर बिल काउअर हे नवे मुख्य प्रशिक्षक होते. मार्व्हिन लुईस हे लाइनबॅकर या मधल्या फळीचे प्रशिक्षक होते. पदोन्नतीच्या दृष्टीने ही लेबो यांची पीछेहाट होती. परंतु त्यांच्या पद्धतीला आवश्यक असे चपळ लाइनबॅकर आणि रॉड वुडसन यांच्यासारखे बुद्धिमान बचावपटू येथेच उपलब्ध झाले. सिनसिनाटीत आकाराला आलेली कल्पना पिट्सबर्गमध्ये परिपक्व झाली.

१९९५ मध्ये केपर्स कॅरोलायना पँथर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि लेबो समन्वयक झाले. त्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात वुडसन यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. तेव्हा सेफ्टी या स्थानी खेळणाऱ्या कार्नेल लेक यांना हंगामातच कॉर्नरबॅकच्या स्थानी आणण्यात आले आणि संघ जानेवारी १९९६ च्या सुपर बोलपर्यंत पोहोचला. तेथे डॅलसने त्यांना २७-१७ असे हरवले. प्रशिक्षक म्हणून लेबो यांचा सुपर बोलमधील हा तिसरा पराभव होता. १९८२ मध्ये बेंगल्सबरोबर असतानाही त्यांना असाच अनुभव आला होता.

मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव

१९९७ मध्ये लेबो समन्वयक म्हणून सिनसिनाटीला परतले. २००० च्या हंगामात पहिले तीनही सामने गमावल्यावर मुख्य प्रशिक्षक ब्रूस कॉस्लेट यांनी राजीनामा दिला आणि लेबो यांच्याकडे ते पद आले. त्या हंगामातील उरलेल्या १३ सामन्यांपैकी संघाने ४ जिंकले. २००१ मध्ये ६ विजय व १० पराभव, तर २००२ मध्ये २ विजय व १४ पराभव अशी कामगिरी झाली. एकूण १२ विजय आणि ३३ पराभव नोंदवून त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. त्यांच्या जागी पिट्सबर्गमधील त्यांचे जुने सहकारी मार्व्हिन लुईस यांची नियुक्ती झाली.

या अपयशाचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळावी लागतील. सर्व दोष परिस्थितीवर टाकणे योग्य नाही, कारण लेबो समन्वयक असतानाही १९९० च्या दशकाच्या अखेरीस बेंगल्सचा बचाव दुबळाच होता. उत्तम पद्धतही अनुरूप खेळाडू आणि स्थिर संघटना यांच्याविना फळ देत नाही, हे यावरून स्पष्ट होते. दुसरीकडे, सर्व दोष व्यक्तीवर टाकणेही उचित नाही. १९९१ ते २००४ या चौदा हंगामांपैकी एकाही हंगामात बेंगल्सचे विजय पराभवांपेक्षा अधिक नव्हते आणि या काळात संघाला पाच मुख्य प्रशिक्षक लाभले. मुख्य प्रशिक्षकाच्या खात्यावर मात्र सामन्यांचा निकाल तेवढा लिहिला जातो. साहाय्यकाच्या खात्यावर असे काहीच लिहिले जात नाही. त्यामुळे ४५ हंगामांच्या कारकिर्दीपैकी सर्वांत सहज मोजता येणारा भाग नेमका हा अपयशाचाच ठरतो.

पुनरागमन आणि परिपूर्ती

बफेलो बिल्समध्ये एक हंगाम घालवून २००४ मध्ये लेबो पुन्हा पिट्सबर्गचे बचाव समन्वयक झाले. तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. मुख्य प्रशिक्षक म्हणून अपयशी ठरलेल्या व्यक्तीसाठी या वयात नवा आरंभ दुर्मीळच म्हणावा लागेल. त्याच वर्षी नियमित हंगामात स्टीलर्सने १६ पैकी १५ सामने जिंकले. सर्वांत कमी यार्ड देणारा बचाव म्हणून हा संघ २००४, २००७, २००८, २०११ आणि २०१२ अशा पाच हंगामांत लीगमध्ये प्रथम क्रमांकावर राहिला.

५ फेब्रुवारी २००६ रोजी स्टीलर्सने सिएटल सीहॉक्सचा २१-१० असा पराभव करून सुपर बोल जिंकला. तो सामना डेट्रॉइटमध्ये झाला. ज्या शहरात खेळाडू म्हणून १४ हंगाम घालवूनही लेबो यांना विजेतेपद मिळाले नव्हते, तेथेच लीगमधील ४७ व्या हंगामात, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्यांनी पहिले विजेतेपद अनुभवले.

२००७ मध्ये काउअर यांच्या जागी माइक टॉमलिन आले. टॉमलिन स्वतः बचावाचे प्रशिक्षक होते आणि त्यांची जडणघडण वेगळ्या बचावपद्धतीत झाली होती. नवा मुख्य प्रशिक्षक बहुधा आपली माणसे आणि आपली पद्धत घेऊन येतो. टॉमलिन यांनी मात्र लेबो यांना आणि त्यांच्या पद्धतीला कायम ठेवले. साहाय्यकाच्या ज्ञानाला मुख्य प्रशिक्षकाने दिलेली ही प्रत्यक्ष मान्यता होती. पुढच्याच हंगामात, १ फेब्रुवारी २००९ रोजी, संघाने ॲरिझोना कार्डिनल्सला २७-२३ असे हरवून आणखी एक विजेतेपद मिळवले.

या सामन्यातील एक प्रसंग लेबो यांच्या अध्यापनावर प्रकाश टाकतो. मध्यंतरापूर्वी अवघी १८ सेकंदे उरली असताना ॲरिझोनाचा संघ पिट्सबर्गच्या गोलरेषेपासून एका यार्डावर होता. त्या चालीत लाइनबॅकर जेम्स हॅरिसन यांनी चढाई करणे अपेक्षित होते. त्यांनी चढाईचा आविर्भाव केला, पण क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर झटपट चेंडू फेकणार हे ताडून ते मागेच थांबले. चेंडू त्यांनी हस्तगत केला आणि १०० यार्ड धावत जाऊन गुण मिळवले. सुपर बोलच्या इतिहासातील तोवरची ती सर्वांत लांब चाल होती. हॅरिसन यांनी आज्ञेचे शब्दशः पालन केले नाही, परंतु वर्षानुवर्षे शिकलेल्या पद्धतीचे तत्त्व मात्र अचूक अमलात आणले. चढाई करणार असे भासवून मागे सरकणे, हेच त्या पद्धतीचे मूळ होते. विशेष म्हणजे २००२ मध्ये लीगमधील कोणत्याही संघाने हॅरिसन यांना वार्षिक निवडीत घेतले नव्हते आणि नंतरही त्यांना अनेकदा वगळण्यात आले होते. २००८ च्या हंगामात ते लीगमधील सर्वोत्तम बचावपटू ठरले. २०१० मध्ये हा मान याच बचावातील ट्रॉय पोलामालू यांना मिळाला.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. जवळचे क्षेत्र सांभाळणारा धिप्पाड खेळाडू चपळ प्रतिस्पर्ध्यापुढे कमी पडू शकतो आणि संयमी क्वार्टरबॅक रचना ओळखून मोकळी जागा शोधू शकतो. न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या टॉम ब्रॅडी यांनी हे अनेकदा दाखवून दिले. जानेवारी २००५ मध्ये उपान्त्य सामन्यात पेट्रियट्सने स्टीलर्सला त्यांच्याच मैदानावर ४१-२७ असे नमवले होते.

२०१४ च्या हंगामानंतर लेबो पिट्सबर्गमधून बाहेर पडले. २०१५ ते २०१७ या काळात ते टेनेसी टायटन्समध्ये होते. जानेवारी २०१८ मध्ये तेथील मुख्य प्रशिक्षक बदलले, तेव्हा ८० वर्षांच्या लेबो यांची प्रशिक्षक म्हणून कारकीर्द थांबली.

सन्मानाची मोजमापे

ओहायो राज्यातील कँटन येथे १९६३ पासून व्यावसायिक फुटबॉलचे हॉल ऑफ फेम आहे. या खेळातील सर्वोच्च सन्मान तेथील प्रवेशाने मिळतो, असे मानले जाते. लेबो यांना तो ऑगस्ट २०१० मध्ये, निवृत्तीनंतर जवळपास ३८ वर्षांनी मिळाला. पण तो खेळाडू म्हणून. केवळ साहाय्यक म्हणून केलेल्या कार्यासाठी आजवर कोणाचीही तेथे निवड झालेली नाही. प्रशिक्षक या प्रवर्गात निवडलेले सर्व जण मुख्य प्रशिक्षक होते.

खेळाडूंचे मत मात्र वेगळे होते. २००७ मध्ये कँटन येथील सामन्यासाठी जाताना स्टीलर्सच्या बचावपटूंनी लेबो यांचा लायन्समधील ४४ क्रमांकाचा पोशाख परिधान करून त्यांच्या निवडीची मागणी सूचित केली. हे खेळाडू त्यांना ‘कोच डॅड’ म्हणत. दरवर्षी नाताळापूर्वी लेबो त्यांच्यासमोर ‘अ व्हिजिट फ्रॉम सेंट निकोलस’ ही कविता मुखोद्गत म्हणून दाखवीत. आरडाओरडा आणि अपमान यांना प्रशिक्षणाचे साधन मानणाऱ्या या व्यवसायात सौम्य स्वभावानेही शिस्त निर्माण करता येते, याचे हे उदाहरण होय.

लेबो यांच्या प्रभावाचा अधिक ठोस पुरावा मैदानावर मिळतो. फेब्रुवारी २०११ च्या सुपर बोलमध्ये ग्रीन बे पॅकर्सने पिट्सबर्गचा ३१-२५ असा पराभव केला. पॅकर्सचे बचाव समन्वयक होते डॉम केपर्स. १९९२ मध्ये ज्यांनी एकत्र बसून ही पद्धत घडवली, ते दोघे आता परस्परांसमोर उभे होते आणि दोन्ही संघांचे बचाव एकाच विचारातून निघाले होते. डावपेचाचे स्वामित्व कोणालाही नोंदवता येत नाही. चित्रणावरून तो सर्वांना दिसतो आणि काही वर्षांत सर्वांचा होतो. त्यामुळे पद्धत जितकी यशस्वी, तितके तिच्या कर्त्याचे नाव पुसट होत जाते.

अलीकडच्या काळात या उणिवेची जाणीव झालेली दिसते. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लेखकांची संघटना २०१४ पासून साहाय्यक प्रशिक्षकांच्या आजीव कार्याचा गौरव करते. हॉल ऑफ फेमनेही २०२२ मध्ये साहाय्यक प्रशिक्षक आणि पडद्यामागील इतर घटकांसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केले. परंतु हे पुरस्कार म्हणजे हॉलमधील प्रवेश नव्हे. पदांची उतरंड सन्मानाच्या व्यवस्थेतही कायम राहिली आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब अशी की, साहाय्यक प्रशिक्षकाचे कार्य हे मुख्य प्रशिक्षकपदाची केवळ पूर्वतयारी नसून तो स्वतंत्र गुणवत्तेची अपेक्षा करणारा व्यवसाय आहे. समस्येचे विश्लेषण, रचनेची निर्मिती आणि तिचे अध्यापन ही त्याची तीन अंगे होत. दुसरी बाब म्हणजे एका पदावरील श्रेष्ठत्व दुसऱ्या पदावरील यशाची हमी देत नाही आणि दुसऱ्या पदावरील अपयशाने पहिले श्रेष्ठत्व रद्दही होत नाही. लेबो यांच्या बाबतीत १२ विजय व ३३ पराभव हा आकडा जितका खरा आहे, तितकेच लीगमधील पाच अव्वल बचावही खरे आहेत. तिसरी बाब अशी की, साहाय्यकाचे ज्ञान फलद्रूप होण्यासाठी ते ओळखणारी संघटना लागते. सिनसिनाटी आणि पिट्सबर्ग येथील अनुभवांतील अंतर मुख्यतः यातून आलेले दिसते.

कर्तबगार शिक्षकाला प्रशासक करणे हीच त्याची बढती, असे मानणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेला या कारकिर्दीतून बोध घेता येईल. तशा बढतीने संस्थेला एक सामान्य प्रशासक मिळण्याची आणि तिचा असामान्य शिक्षक गमावण्याची शक्यता असते. २००३ मध्ये लेबो यांच्या बाबतीत ही हानी कायमची होण्याचा संभव होता. खालचे पद पुन्हा स्वीकारण्याची त्यांची तयारी आणि ते पद त्यांना देण्याची पिट्सबर्गची तयारी यांमुळेच ती टळली.